आमच्या काउंटीतले शेतकरी, सरकारी चेक आणि एक म्हातारबाबा

मक्याचं_कणीस

नमस्कार मंडळी. तसा मी वाचनमात्र माणूस, पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. म्हटलं इथेच टाकावं, इथे शेती करणारे पण आहेत आणि शेतीवर बोलणारे तर विचारूच नका.

मी अमेरिकेत आयोवा राज्यात राहतो, उत्तर-मध्य भागात. राज्यात ९९ काउंट्या आहेत, काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं कायतरी धरा. आमची अगदीच खेडवळ, मका सोयाबीन मका सोयाबीन, मधे डुकरांचे लांबलचक गोठे आणि धान्याच्या टाक्या. कुठली काउंटी ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेल. नोकरी ट्रॅक्टरशी संबंधित. मूळ गाव परभणीकडे, साडेचार एकर आहे, चुलते बघतात.

शेजारी एक म्हातारबाबा आहेत, वय ७१, पोराबरोबर १२०० एकर करतात. दचकू नका, त्यातली स्वतःची फक्त ३००, बाकी ९०० खंडाने. सकाळी को-ऑपवर (शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी) कॉफी प्यायला म्हातारे जमतात तिथे मीही कधीकधी जातो. तर मी जरा आडवळणाने विचारलं की तुम्हाला सरकारकडून किती मिळतं वगैरे, इकडे पगार विचारत नाहीत म्हणून भीत भीत. तर बाबा हसले आणि म्हणाले, मला कशाला विचारतोस, वेबसाइटवर माझं नाव टाक.

मला वाटलं चेष्टा करतायत. घरी येऊन बघितलं तर खरंच की हो! एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप म्हणून एक संस्था आहे, तिने सरकारकडून माहिती मागवून १९९५ पासूनची सगळी यादी लावलीय. काउंटी निवडा, कुणाला किती मिळाले ते नावासकट, उतरत्या क्रमाने. आमच्या मुलीच्या शाळेतल्या बसड्रायव्हरचं पण नाव निघालं (त्याची ८० एकर आहे हे मला तेव्हा कळलं). म्हणून काउंटीचं नाव लिहीत नाही, तुम्ही लगेच शोधत बसाल.

तर प्रश्न असा की हे पैसे नेमके कशाचे, आणि आपल्याकडच्या पीएम किसानच्या दोन-दोन हजाराशी याची तुलना करावी का करू नये? मी थोडं वाचलंय, थोडं बाबांना विचारलंय, जमेल तसं लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

उगाचच

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मक्याचेच.

कृष्णाकाठ

१२०० एकर आणि वर सरकारचा चेक? आमच्यात १२०० एकरात तीन गावं बसत्यात गड्या. ह्येला शेतकरी म्हणायचं का कारखानदार. आकडा तरी सांगा किती मिळाला म्हाताऱ्याला.

मक्याचं_कणीस

@कृष्णाकाठ, यादीतला आकडा सांगत नाही, पण हिशोब कसा होतो ते सांगतो, तो काही गुपित नाही.

मार्च २०२५ मध्ये भाव पडले म्हणून एक तातडीची मदत आली, १० अब्ज डॉलरची. मक्याला एकरी ४२ डॉलर ९१ सेंट, सोयाबीनला २९ डॉलर ७६ सेंट, कापसाला ८४ डॉलर ७४ सेंट. किती पिकलं, किती बुडालं काही विचारायचं नाही, २०२४ साली किती एकर पेरलं होतं तेवढंच. आता समजा कुणी १२०० एकर निम्मं मका निम्मं सोयाबीन करत असेल तर झाले ४३,६०२ डॉलर. पहिल्या फटक्यात ८५ टक्केच दिले, म्हणजे ३७ हजार. रुपयात तीस लाखांच्या वर.

आता डोळे पांढरे व्हायच्या आधी दुसरी बाजू ऐका. आयोवात २०२५ मध्ये सरासरी खंड एकरी पावणेतीनशे डॉलरच्या आसपास होता. ९०० एकराचा खंडच झाला जवळजवळ अडीच लाख डॉलर, तो आधी द्यायचा. बी, खत, फवारणी, विमा, कंबाइनचे हप्ते वेगळेच. मका २०२५ मध्ये बुशेलला चार डॉलरच्या आसपास घुटमळत होता आणि खर्च त्याच्यापेक्षा जास्त. बाबांचं वाक्य सांगतो, चेक माझ्या खात्यात एक रात्र मुक्काम करतो.

(बुशेल म्हणजे मक्याचं २५.४ किलो, सोयाबीनचं २७.२. दोन्ही वेगळं का ते विचारू नका, मलाही नऊ वर्षं झाली तरी पटलेलं नाही.)

पांढरं_सोनं

छान धागा. आमचं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, कापूस आणि तूर. माझ्या बाबांचे पीएम किसानचे पैसे थांबलेत. एकविसावा हप्ता नोव्हेंबरात सगळ्या गावाला आला, त्यांना नाही. ई-केवायसी बाकी आहे म्हणे. सेतू केंद्रात तीनदा जाऊन आले, अंगठाच उमटत नाही. आयुष्यभर कापूस वेचून, कुळव धरून बोटं घासलेली, मशीन म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. आणि पीएम किसान अडकलं की नमो शेतकरीचे पण अडकतात, कारण यादी तीच.

तुमच्या म्हातारबाबांना अंगठा लावावा लागतो का हो?

मक्याचं_कणीस

@पांढरं_सोनं, अंगठा नाही, पण कागद आहेतच. काउंटीच्या गावात एक ऑफिस असतं, एफएसए, फार्म सर्व्हिस एजन्सी. दरवर्षी १५ जुलैपर्यंत जाऊन कुठल्या तुकड्यात काय पेरलं ते नकाशावर दाखवून सही करायची. आपली ई-पीक पाहणीच, फक्त समोर कॉम्प्युटर घेऊन एक बाई बसलेली असते जी बाबांना लहानपणापासून ओळखते. शिवाय उतारावरची माती वाहून जाऊ देणार नाही, पाणथळ जागा बुजवणार नाही असं लिहून द्यायचं, आणि सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या आत आहे असंही.

मला गंमत वाटली ती काउंटी कमिटीची. तीन ते अकरा जण, शेतकऱ्यांनीच मतदान करून निवडलेले, तीन वर्षांसाठी. कुणाचा अर्ज अडला, कुणाला वाटलं आपल्यावर अन्याय झाला तर आधी या कमिटीपुढे जायचं. म्हणजे निर्णय घेणारा माणूस पुढच्या रविवारी चर्चमध्ये भेटतो.

चष्मिष्ट

काउंटी कमिटीचं फार कौतुक नको. ओळखीचा माणूस निर्णय घेतो हे ज्याची ओळख असते त्याला गोड लागतं. अमेरिकेच्या दक्षिणेत याच कमिट्यांवर कित्येक दशकं फक्त गोरे जमीनदार निवडून यायचे आणि काळ्या शेतकऱ्याचं कर्ज पेरणी उलटून गेल्यावर मंजूर व्हायचं. त्यावरून पिगफोर्ड विरुद्ध ग्लिकमन हा खटला उभा राहिला, १९९९ मध्ये तडजोड झाली, बहुतेकांना प्रत्येकी ५० हजार डॉलर मिळाले, आणि जे राहून गेले त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलर ठेवावे लागले. तोवर बऱ्याच जणांची जमीन गेलेली होती.

मूळ गोष्ट १९३३ ची आहे. महामंदी, रूझवेल्ट, आणि शेतीमंत्री हेन्री वॉलेस, हे तुमच्याच आयोवाचे, संकरित मक्याची बियाणे कंपनी काढणारे. तेव्हा डोकं असं लढवलं की माल जास्त झालाय म्हणून भाव नाही, तर शेतकऱ्याला कमी पिकवायचे पैसे द्या. पण कायदा होईपर्यंत पेरण्या होऊन गेलेल्या. मग उभा कापूस नांगरून टाकला, कोटभर एकर. आणि साठ लाख डुकराची पिल्लं मारली. लोक उपाशी असताना. वॉलेसना त्यावरून जन्मभर ऐकावं लागलं.

आता नांगरलेल्या कापसाचे पैसे कोणाला गेले? करारात लिहिलेलं होतं की कुळाला त्याचा वाटा द्यावा. पण चेक जमीनमालकाच्या नावाने. आणि जमिनीचा मोठा भाग पडीक ठेवायचा तर तितकी कुळं ठेवायची कशाला, म्हणून मालकांनी त्यांना बाहेर काढलं. सरकारी पैसे घेऊन त्यातून ट्रॅक्टर घेतला असं पण झालं. आर्कान्सामधल्या पॉइनसेट काउंटीत टायरोन्झा नावाच्या बारक्या गावात १९३४ साली काळ्या आणि गोऱ्या कुळांनी मिळून संघटना काढली, सदर्न टेनंट फार्मर्स युनियन. त्या काळात, त्या भागात, एकाच संघटनेत दोघं, हे सोपं नव्हतं. मारहाणी झाल्या. आणि वॉशिंग्टनमध्ये ज्या तरुण वकिलांनी कुळांच्या बाजूने नियमाचा अर्थ लावला त्यांनाच १९३५ मध्ये नोकरीवरून काढलं.

हे एवढ्यासाठी लिहिलं की चेक कुणाला हा प्रश्न त्या योजनेच्या पहिल्या वर्षीचा आहे.

कृष्णाकाठ

बाप रे. म्हंजी कूळ तिकडं बी निघालंच.

भाऊ_वणीवाले

माह्या मनातलं बोल्ले चष्मिष्ट भाऊ. आमच्याइकडं पाहा ना, सात एकर मी बटईनं करतो. मालक नागपुरात नोकरीवर. सातबारा त्याच्या नावावर, दोन हजार त्याले, नमोचे दोन हजार त्याले, २०२३ च्या खरिपाचे सोयाबीन-कापसाचे हेक्टरी पाच हजार आले ते बी त्यालेच. मले काय तं रात्री डुकरं हाकलाचं काम. लिहून मागतलं तं मालक म्हणते, लिहून देल्लं तं उद्या कूळ लागशीन. त्याचं बी खोटं नाई, त्याच्या आज्याची जमीन तशीच गेली होती.

पांढरं_सोनं

@भाऊ_वणीवाले, हे अगदी बरोबर. कूळ कायद्याच्या भीतीने बटई आजही तोंडीच चालते. ज्या कायद्याने कुळाला जमीन मिळाली त्याच्या धाकाने आजचा बटईदार कागदावर येतच नाही. पीएम किसान तर सरळ जमीनधारकालाच आहे. तेही १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर असलेल्यालाच, नंतर वारसाने आली तर गोष्ट वेगळी.

मक्याचं_कणीस

भाऊ, तुमच्या पोस्टने मला माझाच मुद्दा सापडला बघा.

इकडे कागदावर उलटं आहे. रोख खंडाने जमीन केली तर चेक कसणाऱ्याला, मालकाला नाही, नियमच तसा. वाटणीने केली तर दोघांना वाटणीप्रमाणे. ऐकायला किती छान. पण मालकाला पण पेपर वाचता येतो ना! मार्चमध्ये एकरी ४३ डॉलर आले, सप्टेंबरात खंडाची बोलणी, बाबांच्या एका मालकीणबाई ॲरिझोनात असतात, वय ८८, त्यांच्या वतीने फार्म मॅनेजर बोलतो. तो म्हणाला, भाव पडलेत मान्य, पण सरकारने भरपाई दिलीय ना, मग खंड कमी कशाला. बाबा गप्प. सोडली तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या काउंटीतला मोठा गडी उचलतो. आयोवातली निम्म्याहून जास्त जमीन अशी खंडाने चालते आणि दोन तृतीयांश जमीन पासष्टीच्या पुढच्या लोकांच्या नावावर आहे.

म्हणजे तुमच्याकडे पैसा थेट मालकाकडे जातो, इथे कसणाऱ्याच्या दारावरून फिरून मालकाकडे जातो. पैसा माणसाला चिकटतच नाही हो, एकराला चिकटतो.

उगाचच

पण मग जमीन असणारे म्हातारे सुखी म्हणायचे. मी कधी होणार म्हातारा.

चष्मिष्ट

@मक्याचं_कणीस, एकराला चिकटतो हे तर शब्दशः खरं आहे, बेस एकर लिहा की त्यांना.

मक्याचं_कणीस

लिहितो लिहितो, तेच समजायला मला दोन कॉफ्या लागल्या.

नेहमीच्या दोन योजना आहेत, २०१४ च्या फार्म बिलापासून. फार्म बिल म्हणजे साधारण पाच वर्षांनी येणारा मोठा कायदा, २०१८ चं बिल मात्र मुदतवाढ घेत घेत रडत चाललं. एक योजना भावाची, पीएलसी. सरकारने एक आधारभाव ठरवलाय, देशभरचा वर्षाचा सरासरी भाव त्याच्या खाली गेला की फरक मिळतो. दुसरी एआरसी, ती काउंटीच्या उत्पन्नाची, म्हणजे अख्ख्या काउंटीचा सरासरी उतारा गुणिले भाव हा आकडा पडला तर. तुमच्या एकट्याच्या शेतावर गारपीट झाली तर त्यात काही नाही, त्याला विमा वेगळा, आणि विम्याच्या हप्त्यातला सरासरी ६० टक्क्यांच्या वर वाटा सरकार भरतं. माझ्या मते खरी मोठी मदत हा विमाच आहे पण त्याची नावासकट यादी कुठे लागत नाही, म्हणून त्यावर कॉफीवर कुणी बोलत नाही.

आता बेस एकर. पैसे तुम्ही यंदा काय पेरलं त्यावर नाहीत. त्या जमिनीवर पूर्वी, कित्येक वर्षांपूर्वी, कुठलं पीक किती होतं त्याची नोंद आहे, तो झाला बेस. जमीन विकली तर बेस जमिनीबरोबर जातो. समजा ५०० एकर मक्याचा बेस, नोंदलेला उतारा एकरी १५० बुशेल, आणि भाव आधारभावाच्या ३० सेंट खाली गेला. तर ५०० च्या ८५ टक्के, गुणिले १५०, गुणिले ३० सेंट, झाले १९,१२५ डॉलर. यंदा त्या ५०० एकरात सगळं सोयाबीन असलं तरी मक्याचे पैसे मिळणार.

आणि कधी मिळणार? २०२५ च्या शरदात काढलेल्या पिकाचे ऑक्टोबर २०२६ मध्ये. कारण वर्षाचा सरासरी भाव वर्ष संपल्याशिवाय कळत नाही. वरातीमागून घोडं. म्हणून मग मधे मधे या तातडीच्या मदती येतात, आणि आता तर त्याच नेहमीच्या झाल्यात. डिसेंबर २०२५ मध्येच आणखी १२ अब्ज डॉलर जाहीर झाले, पैसे फेब्रुवारी २०२६ अखेर देऊ म्हणाले.

कृष्णाकाठ

आता मला सांगा आधारभाव किती? आमच्या एमएसपीपेक्षा लय जास्त असणार.

मक्याचं_कणीस

@कृष्णाकाठ, मी पण असंच धरून चाललो होतो. जुलै २०२५ च्या मोठ्या कायद्यात मक्याचा आधारभाव ३.७० वरून ४.१० डॉलर केला, सोयाबीनचा ८.४० वरून १० डॉलर. क्विंटलमध्ये काढा. मका साधारण साडेचौदाशे रुपये, सोयाबीन तेहतीसशे. आपली २०२५-२६ ची एमएसपी मक्याला २,४०० आणि सोयाबीनला ५,३२८.

म्हणजे कागदावर आपला शेतकरी श्रीमंत.

भाऊ_वणीवाले

हाव ना, कागदावर! ५,३२८ कोनं देल्ले? मी सोयाबीन चार हजाराच्या खाली इकलं. खरेदी केंद्रावर नोंदणी करा, मेसेजची वाट पाहा, ओलावा जास्त हाये म्हणून परत घिऊन या. घरात पोरीचं लग्न, कोन थांबते.

चष्मिष्ट

हाच फरक आहे. तिथे सरकार माल विकत घेत नाही, भाव पडू देतं आणि फरकाचा चेक देतं. इथे भाव जाहीर करतं, फरक शेतकऱ्याच्या अंगावर. भर म्हणून कधी निर्यातबंदी, कधी साठ्यावर मर्यादा, कधी आयात. शेतकरी संघटनेचे शरद जोशी याला उणे सबसिडी म्हणायचे ते याचसाठी. एका हाताने भाव पाडून जितकं काढून घेतलं जातं त्यापुढे दुसऱ्या हाताने दिलेलं काहीच नाही.

पांढरं_सोनं

आणि मग तिथल्या स्वस्त झालेल्या कापसाच्या गाठी इथे येतात. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस सबसिडीवर डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) २००२ साली केस टाकली आणि जिंकली. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन मिटवलं. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्याची सबसिडी टिकवायला दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्याला पैसे दिले! यवतमाळच्या वाट्याला काय आलं? ऑगस्ट २०२५ मध्ये ऐन हंगामाच्या तोंडावर कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. आमच्या बाबांचा पहिला वेचा नेमका त्यात सापडला.

मला तुमच्या म्हातारबाबांचा राग नाही, त्यांचा मका आहे आणि ते चांगले वाटतात. पण टेक्सासच्या कापूसवाल्याला एकरी ८४ डॉलर आणि माझ्या बाबांना अख्ख्या वर्षाचे दोन्ही योजना मिळून बारा हजार, म्हणजे १३३ डॉलर, तेही अंगठा उमटला तर.

कृष्णाकाठ

ताई, टेक्सासवाल्याला पण जमीनमालक असंलच की.

उगाचच

मला एक शंका. नावं जर जाहीर आहेत तर लोक लाजत नाहीत का? आमच्या सोसायटीत मेंटेनन्स थकलेल्यांची नावं बोर्डावर लावली तर मारामारी झाली होती.

मक्याचं_कणीस

लाज वगैरे नाही, पण कुजबुज भरपूर. २०१८-१९ ला चीनशी व्यापारावरून भांडण झालं तेव्हाची गोष्ट बाबांनी सांगितली. २०१८ ला सोयाबीनला बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट दिले आणि मक्याला किती? एक सेंट. फक्त एक! मकावाले इतके भडकले की २०१९ ला पद्धतच बदलली, पिकाऐवजी काउंटीनुसार एकरी दर, १५ पासून १५० डॉलरपर्यंत. झालं, आता रस्त्याच्या अलीकडे एक काउंटी पलीकडे दुसरी, माती तीच, पाऊस तोच, आणि दर वेगळा. ज्याची जमीन दोन्हीकडे होती तो स्वतःवरच जळायचा, असं बाबा म्हणतात.

आणि मर्यादा आहे बरं का, माणशी सव्वा लाख डॉलर होती, २०२५ च्या त्या कायद्यात १ लाख ५५ हजार केली. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. भागीदारीत जितकी डोकी तितक्या मर्यादा. २०१८ च्या बिलात घरच्या माणसांच्या व्याख्येत चुलतभाऊ, पुतणे, भाचेही घातले. त्यांनी व्यवस्थापनात भाग घेतला पाहिजे म्हणे, फोनवर घेतला तरी कोण बघतंय.

भाऊ_वणीवाले

म्हंजे खातेफोड! आमच्या गावात पीएम किसान आल्यावर आई, पोरगा, सून सगळ्याइचे सातबारे येगळे झाले होते. त्या १ फेब्रुवारीच्या तारखेनं कित्येकाइचा घोटाळा केला.

चष्मिष्ट

मेलेल्यांच्या नावावर पण. २००७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी काढलं की १९९९ ते २००५ या काळात १,७२,८०१ मृत व्यक्तींच्या नावावर १.१ अब्ज डॉलर गेलेत. काही प्रकरणं वारसाहक्काची वैध असणार, पण वारस नोंद करायचा आळस आणि करू नये यातला फायदा हे दोन्ही काही फक्त आपल्याकडचे गुण नाहीत.

कृष्णाकाठ

मला एक बी गोष्ट पटंना. इतकं पैसं वाटून शेवटी गावं राहिली का तिकडची? का वस पडली?

मक्याचं_कणीस

@कृष्णाकाठ, वस पडली. सरळ उत्तर हेच. आमच्या गावातली शाळा शेजारच्या दोन गावांशी जोडली, किराणा दुकान बंद, आता पेट्रोल पंपावरच दूध-ब्रेड. बाबा लहान असताना त्यांच्या रस्त्यावर प्रत्येक कोपऱ्यावर घर होतं, ती घरं पाडून झाडं काढून तिथे मका केलाय. चेक एकरावर मिळतो तर ज्याचे एकर जास्त त्याला चेक मोठा, चेक मोठा त्याची खंडाची बोली मोठी, मग बारका गडी बाहेर. त्या यादीवाल्या संस्थेच्या हिशोबाने १९९५ पासूनच्या पीक-मदतीतला तीन चतुर्थांशाहून जास्त पैसा वरच्या १० टक्के लोकांकडे गेलाय.

पण बाबांना मी हे म्हटलं तर ते चिडले. म्हणाले, १९८० च्या दशकात, कर्जाच्या संकटात माझा भाऊ बुडाला, त्याच्या अवजारांचा लिलाव मी उभा राहून पाहिलाय, तेव्हा सरकारचे पैसे नसते तर मी पण बुडालो असतो. तुम्ही शहरातले लोक पावावर बसून पिठाला नावं ठेवता. (हे माझं भाषांतर आहे, मूळ वाक्य जरा जास्त तिखट होतं.) मग जाताना स्वतःच म्हणाले की पोराने चाळीस एकर घ्यायची म्हटली तर कुठून घेणार. राज्याची सरासरी २०२२ लाच एकरी ११,४११ डॉलर झाली होती, आमच्या भागात चांगली जमीन त्याच्याही वर जाते.

दोन्ही एकाच दमात. मला त्यात खोटं काही वाटलं नाही.

चष्मिष्ट

आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी खर्चाची मंजुरी अडकून शटडाऊन झालं त्यात ही एफएसएची ऑफिसं बंद होती ना? तेव्हा काय झालं?

मक्याचं_कणीस

हो, १ ऑक्टोबरपासून, ऐन काढणीत. नेहमीचे पैसे यायचा महिना तोच. तीन आठवड्यांनी प्रत्येक ऑफिसात दोन-दोन माणसं बोलावून उघडली. त्यात चीनने सोयाबीन घेणं थांबवलेलं. बाबांच्या टाक्या भरलेल्या, एलेव्हेटरवाला, म्हणजे धान्य घेणारा कोठारवाला, भाव पाडून मागतोय, आणि ऑफिसच्या दारावर कागद चिकटवलेला. कॉफीला तेव्हा कुणी कुणाची चेष्टा करत नव्हतं.

पांढरं_सोनं

विषयांतर होतंय पण सांगते, धाग्यातल्या कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करून सुचवलं की पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहऱ्याने केवायसी होते, अंगठ्याची गरज नाही. मला माहीतच नव्हतं. रविवारी माहेरी गेले होते तेव्हा केलं. घरात अंधार म्हणून ओसरीवर, तिथे ऊन डोळ्यावर म्हणून बाबा डोळे मिटायचे, ॲप म्हणतं डोळे उघडा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा काढायला तयार नाहीत. टोपी काढायला तर अजिबातच नाहीत, तीस वर्षांत त्यांना बाहेर उघड्या डोक्याने आम्हीही पाहिलं नाही. शेवटी आई म्हणाली, दोन हजारासाठी काढा एकदा, मी नाही बघत. चौथ्या वेळेला हिरवी खूण आली.

आता स्टेटसमध्ये ई-केवायसी यस, आधार बँकेला जोडलेलं यस, आणि लँड सीडिंग नो. सातबारा बाबांच्याच नावावर आहे, १९९१ पासून. हे काय असतं कुणाला माहितीये का?

भाऊ_वणीवाले

ताई, फार्मर आयडी काढला का? नसन तं आधी तो काढा.

पांढरं_सोनं

काढलाय, जूनमध्येच.

कृष्णाकाठ

मग नाव बघा. आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं अक्षर न अक्षर जुळतं का. आमच्या आबांचं एकीकडं पांडुरंग आणि एकीकडं पांडूरंग होतं, ऱ्हस्व-दीर्घात एक वर्ष गेलं. सातबारा, आठ-अ आणि आधार तिन्हीची झेरॉक्स घिऊन तालुक्याला जावा, आणि पोच घेतल्याबिगर उठू नका.

पांढरं_सोनं

बघितलं. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावात एक काना जास्त आहे. १९९१ पासून.